पंधरापैकी

चौतीस वर्षं मी गणित शिकवलं, आणि माझ्या हाताखालून गेलेला एकही विद्यार्थी तयारीशिवाय परीक्षेला बसला नाही. नापास झालेले आहेत, नाही असं नाही. एक तर इतका सणसणीत नापास झाला की आता बिल्डर आहे. पण तयारी करून नापास झाला. त्यामुळे दवाखान्याच्या संशोधन विभागाकडून आलेल्या पत्रात 'चाचणीसाठी कोणतीही पूर्वतयारी करू नये' असं वाचलं, तेव्हा मी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

"छपाईची चूक दिसतेय," मी ह्यांना म्हणाले.

हे म्हणजे माझे यजमान. निवृत्त झाल्यापासून त्यांचं एकच काम, शब्दकोडं. त्यातून मान वर न काढता ते म्हणाले, "चूक नाही. करू नये म्हणजे करू नये. तू करणारच आहेस, म्हणून मी आत्ताच सांगून ठेवतो, की मी सांगितलं होतं."

अशा माणसाबरोबर मी चाळीस वर्षं काढली आहेत.

पत्र आमच्या मुलासाठी होतं. त्याला घरीदारी सगळे साहेब म्हणतात. लहानपणी पाहुणे आले की तो त्यांच्याकडे असा बघायचा, जणू त्यांच्या रजेचा अर्ज नामंजूर करायचाय. साहेब आता एकोणतीस वर्षांचा आहे आणि त्याला डाउन सिंड्रोम आहे. हे सांगितलं की लोक मान एका बाजूला टाकून म्हणतात, "अशी मुलं किती निरागस असतात हो, अगदी देवाची माणसं." देवाचा आणि साहेबाचा काडीचा संबंध नाही. तो पत्ते खेळताना लांडीलबाडी करतो, वडिलांच्या बिस्किटांवर डल्ला मारतो आणि बातम्यांतल्या पुढाऱ्यांना मोठ्यांदा 'गप्प बस, गाढवा' म्हणतो. निरागस म्हणे.

लोकांचं दुसरं आवडतं वाक्य म्हणजे, "आहे तसं स्वीकारायला हवं." एकोणतीस वर्षं मी हे ऐकतेय. अहो, स्वीकारलाय. न स्वीकारून त्याला ठेवणार कुठे होते? पण मला चष्मा लागला तेव्हा कुणी म्हणालं नाही की बाई, आहेत तसे डोळे स्वीकारा. ह्यांच्या गुडघ्याला मलम मिळतं, कमरेला पट्टा मिळतो, आणि माझ्या मुलाच्या विसरण्यावर काही मिळतंय का असं विचारलं, की मी दुष्ट आई.

आणि मुळात विचारलं मी नव्हतंच, साहेबानं विचारलं होतं.

साहेब नऊ वर्षं हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहे. मागच्या खोलीत स्क्रू, नट, वॉशर निवडून ज्याच्या त्याच्या डब्यात टाकायचे, हे त्याचं काम. एका सुताचा फरक त्याच्या बोटांना कळतो, बघावंही लागत नाही. दुकानाचे मालक स्वतः मोजपट्टी लावून चुकतात आणि साहेबाकडून तपासून घेतात. पण साहेबाला मागची खोली नको होती. त्याला पुढे, काउंटरवर उभं राहायचं होतं. तिथे लोक येतात, गप्पा होतात, आणि काउंटरवरच्या माणसाला निळा एप्रन मिळतो, त्यावर दुकानाचं नाव असतं.

मालक माणूस सरळ. त्यांनी दोनदा उभं करून पाहिलं होतं. अडचण एकच होती. गिऱ्हाईक तीन वस्तू मागतं आणि साहेब फळीकडे जाऊन दोन घेऊन येतो. तिसरी वाटेत कुठेतरी सांडते. लिहून घ्यायचं म्हटलं, तर साहेबाचं अक्षर माझ्यासारखं सुंदर आहे, पण 'बिजागरी' लिहून होईपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात.

म्हणून आमच्या डॉक्टरांनी त्या संशोधनाबद्दल सांगितलं, तेव्हा साहेबाचे कान टवकारले. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांच्या स्मरणशक्तीला एका नव्या गोळीचा उपयोग होतो का, ते त्यांना पाहायचं होतं. अर्ध्या लोकांना औषधाची गोळी, अर्ध्यांना तश्शीच दिसणारी नुसत्या भुकटीची. कुणाला कुठली ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही. संशोधन करणाऱ्या मॅडमनी हे सगळं साहेबाला चित्रं काढून दोनदा समजावलं. मला नाही, त्याला. मी शेजारी कुंडीसारखी बसले होते.

साहेबानं एकच प्रश्न विचारला. "तिसरी वस्तू लक्षात राहील?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "तेच तर शोधायचंय. तुम्ही मदत कराल का?"

"करीन," साहेब म्हणाला, आणि चार मिनिटं घेऊन झोकात सही केली.

वयानं त्या मॅडम माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींएवढ्या. जाड चष्मा, केस कसेबसे बांधलेले. पुढच्या महिन्यात पहिली चाचणी होईल, मी पंधरा शब्द वाचून दाखवीन, तुम्ही आठवतील तेवढे परत सांगायचे, असं त्या सांगत होत्या. ते सांगताना शब्दांचा कागद त्यांच्यासमोर टेबलावर होता. माझ्याकडून उलटा.

आता, चौतीस वर्षं मी बाकांमधून फिरत पोरांच्या वह्या उलट्या बाजूनं तपासल्या आहेत. मला सुलट वाचायलाच जास्त वेळ लागतो. घोडा, पडदा, लिंबू, कात्री, पायमोजा. लिफ्ट खाली पोचेपर्यंत पंधराही शब्द माझे तोंडपाठ होते.

मला लाज वाटली का? मुळीच नाही. माझ्या शिकवणीच्या खोलीत एक हिरवा फळा आहे. त्याच्या उजव्या कोपऱ्यात मी विद्यार्थ्यांचे मार्क लिहिते, शहाण्णव, अठ्ठ्याण्णव, शंभर. त्या कोपऱ्यात साहेबाचा आकडा कधीच आला नाही, कारण मी त्याला कधी कुठल्या परीक्षेला बसूच दिलं नाही. कुणी त्याचे कमी मार्क बघावेत, हे मला सहन झालं नसतं. खरं कारण तेवढंच. बाकी जे काही मी लोकांना सांगत आले ते सगळं गुळमुळीत होतं.

दुसऱ्या दिवशीपासून शिकवणी सुरू. आमच्या जिन्याला बरोबर पंधरा पायऱ्या आहेत. एका पायरीला एक शब्द. पहिलीवर घोडा, दुसरीवर पडदा, असं करत शेवटच्या पायरीवर पंधरावा शब्द आणि मग दार. रोज सकाळी दहा वेळा खाली, दहा वेळा वर.

"आई, हे कशाला?" तिसऱ्या दिवशी साहेबानं धापा टाकत विचारलं.

"तयारी."

"मॅडम म्हणाल्या, तयारी नाही."

"मॅडम लहान आहेत अजून."

ह्यांनी आतून शब्दकोड्यातली एक ओळ मोठ्यानं वाचली, "आडवा शब्द, पाच अक्षरी, दुसऱ्याचं न ऐकणारी." मी दार लावून घेतलं.

चाचणीच्या दिवशी मला खोलीत बसायची परवानगी होती, तोंड न उघडण्याच्या अटीवर. मॅडमनी कागद उचलला आणि म्हणाल्या, "घोडा."

साहेब ताडकन उभा राहिला. त्यानं उजवा पाय उचलला, मग डावा, आणि जागच्या जागी पायऱ्या चढत खणखणीत आवाजात सुरू केलं, "घोडा, पडदा, लिंबू, कात्री, पायमोजा..." मॅडम कागद धरून तशाच. पंधरावा शब्द म्हणून झाल्यावर साहेबानं टेबलावर टकटक केलं आणि म्हणाला, "आई, दार उघड."

मॅडमनी पेन खाली ठेवलं, मला घरी भरायची प्रश्नावली दिली आणि 'फोन करते' एवढंच म्हणाल्या. तो घरात स्वतः कुलूप लावतो का, औषधं वेळेवर घेतो का, निरोप सांगतो का, अशी प्रश्नावली. मी सगळीकडे 'नेहमी'वर खूण केली. वास्तविक त्याच्या हातात कुलूप मी कधी दिलेलंच नव्हतं.

साहेब मात्र हवेत होता. पंधरापैकी पंधरा! मी घरी येऊन फळ्याच्या कोपऱ्यात सगळ्या शंभरांच्या वर मोठ्ठा आकडा काढला, पंधरा, आणि खाली दोन रेघा. खोटं आहे हे मला ठाऊक होतं, आणि तरी इतका आनंद मला कुणाच्याच मार्कांचा झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबानं दुकानात जाऊन मालकांना सांगितलं. मालक खूश. डोकं एवढं चालायला लागलंय तर शनिवारी काउंटरवर ये, म्हणाले. निळा एप्रन साहेबानं घरी आणला, तो घालूनच जेवला.

शनिवारी मी दुकानात जायला नको होतं. पण गेले. रंगाच्या डब्यांच्या चळतीआड उभी राहिले. पहिल्या बाईनं खिळे मागितले, साहेबानं दिले. दुसऱ्यानं कडी आणि कोयंडा मागितला, दोन्ही बरोबर. मग एक प्लंबर आला. हातात तुटका पाइप, कपाळाला आठ्या.

"दोन एल्बो, एक टेप आणि एक पितळी नळ. लवकर."

साहेब आत गेला. एल्बो आणले, टेप आणली, काउंटरवर ठेवली आणि थांबला. त्याचे ओठ हलत होते. उजवा पाय किंचित उचलला गेला. तो पायरी शोधत होता, आणि त्या जिन्यावर नळ नव्हताच.

"नळ!" मी डब्यांमागून ओरडले.

मी ठरवून नाही ओरडले. तोंडातून निघालं. सगळं दुकान वळून माझ्याकडे बघायला लागलं आणि प्लंबर खो खो हसत सुटला. "अरे वा, साहेबांना तर मागून कॉपी पुरवतात!"

साहेबाचे कान लालबुंद झाले. तो माझ्याकडे वळला आणि कॉपी करणाऱ्या पोराला मी ज्या आवाजात वर्गाबाहेर काढते, अगदी त्याच आवाजात म्हणाला, "आई, बाहेर जा."

मी गेले. काचेतून बघत रस्त्यावर उभी राहिले. त्यानंतर पाच जणांनी तीन-तीन वस्तू मागितल्या आणि पाचही वेळा साहेब दोन घेऊन आला. तिसरी मालक मुकाट्यानं आणून देत होते. पाचव्या गिऱ्हाइकानंतर साहेबानं कुणी न सांगता एप्रन काढला, घडी केली, काउंटरवर ठेवला आणि मागच्या खोलीत गेला.

घरी परतताना तो माझ्या पुढे दहा पावलं चालत होता. जिन्याच्या पायथ्याशी थांबून म्हणाला, "पंधरा तुझे होते. माझे नव्हते." आणि एकही शब्द न म्हणता पंधरा पायऱ्या चढून गेला. मला कुणी मुस्कटात मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

सोमवारी मॅडमनी आम्हाला बोलावलं. चहा दिला, साहेबासमोर बिस्किटं ठेवली. मग विचारलं, "काकू, तुमच्या घराला पायऱ्या किती?"

"पंधरा," मी म्हणाले. आता काय लपवणार?

मला वाटलं चिडतील. चिडल्या असत्या तर मी भांडले तरी असते. त्या शांतपणे म्हणाल्या, "काकू, ही प्रवेशपरीक्षा नाही. हे औषध खरंच उपयोगी आहे का, ते आम्हाला माहीत नाही, तुम्हाला नाही, जगात कुणालाच नाही. ते कळण्यासाठी आधीचा खरा आकडा लागतो. आधीच पंधरा आले तर औषधानं करायचं काय? वर जायला जागा पाहिजे." मग म्हणाल्या, "आम्हाला साठ जण हवेत, जेमतेम एकोणपन्नास मिळालेत. एक खोटा आकडा आत शिरला तर साठ जणांची सरासरी हलते. चांगलं औषध फुकट जाईल, नाहीतर वाईट औषध चांगलं ठरेल. साहेबांसारख्या कितीतरी माणसांच्या घरी ते पोचेल."

सरासरी! ही कालची पोर मला सरासरी शिकवत होती, आणि बरोबर शिकवत होती. साहेब बिस्कीट चावत एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

शेवटी त्यांनी एक वाट काढली. तीन महिन्यांनी दुसरी यादी, नवे शब्द. त्यानंतर नावनोंदणी बंद, म्हणजे ही शेवटचीच संधी. बारापेक्षा जास्त आले तर घेता येणार नाही. तीनपेक्षा कमी आले तरीही नाही, कारण मग ही चाचणी त्याला झेपतच नाही असा अर्थ होतो. आणि तोवर घरात काहीही पाठ करून घ्यायचं नाही.

"मी बघतो आईकडे," साहेब म्हणाला.

ते तीन महिने मी जीभ चावून काढले. साहेब दुधाची पिशवी आणायला जाऊन नुसतीच पिशवी घेऊन आला, मी गप्प. ह्यांनी त्याला शब्दकोड्यातला शब्द विचारला, तेव्हा मी अंगावर धावून गेले, तयारी होईल ना! कुलूप मात्र त्याच्या हातात दिलं. पहिल्या आठवड्यात दोनदा घर उघडं राहिलं. चोर आले नाहीत, आमच्याकडे शब्दकोड्यांशिवाय आहे काय? मी पुसलं नाही ते फक्त फळ्यावरचं पंधरा. डस्टर सापडत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. डस्टर समोरच होतं.

दुसऱ्या चाचणीला आम्ही तिघं गेलो. हे बाहेर बाकावर बसले. साहेब हात धुवायला गेला, मॅडम पाणी आणायला गेल्या, आणि खोलीत मी आणि तो कागद दोघंच उरलो. पालथा पडला होता.

मी हात मांडीखाली घालून बसले. खरंच बसले. मग माझ्या मनात आलं, दोन आले तर? त्याला कुणी पुन्हा विचारणार नाही. तो जन्मभर मागच्या खोलीत वॉशर निवडत बसेल. आणि उजवा हात मांडीखालून निघाला, कोपरा एवढासा उचलला, पहिला शब्द दिसला. चमचा. मी कागद सोडून दिला.

साहेब ओल्या हातांनी आत आला. माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "आई, तू बाहेर."

बाहेर ह्यांच्या शेजारी चाळीस मिनिटं मी तोंडात तो चमचा धरून बसले. सांगितला असता तर एक शब्द तरी नक्की होता. नाही सांगितला. आता त्याचे दोन आले तर ते मी न सांगितल्यामुळे, असं मला वाटत होतं. ह्यांनी कोडं मिटलं आणि माझा हात धरला. म्हणजे त्यांनाही धाकधूक होती.

दार उघडलं. साहेबानं हात वर केला. चार बोटं.

"चार!" तो म्हणाला. मागून मॅडम हसत म्हणाल्या, "चार चालतात. घेतलं तुम्हाला."

माझ्या तोंडून काय निघावं? "त्यात चमचा होता का?"

मॅडमचं हसू थांबलं. मग मी सगळं सांगून टाकलं, कोपरा, एकच शब्द, कुणाला बोलले नाही. मॅडमनी साहेबाला त्याचे शब्द परत विचारले. त्यानं बोटांवर मोजत सांगितले, "साबण. गाढव. खिडकी. दोरा." चमचा नव्हता. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. "हे नोंदवावं लागेल, काकू."

"नोंदवा," मी म्हणाले.

साहेबानं कपाळावर हात मारला. "मॅडम, आईसाठी गोळी आहे का?"

"नाही हो," मॅडम म्हणाल्या. "त्यावर अजून कुणी संशोधन केलेलं नाही."

हे इतके हसले की त्यांना पुन्हा बाकावर बसावं लागलं. मी त्या प्रश्नावलीची कोरी प्रत मागून घेतली आणि तिथेच भरली. कुलूप लावतो का? 'कधीकधी.' निरोप सांगतो का? 'माहीत नाही, मी कधी सांगायला दिला नाही.' अशी दोन पानं.

घरी आल्यावर साहेब चपला न काढता शिकवणीच्या खोलीत गेला. मी मागोमाग गेले आणि डस्टर उचललं.

"मी पुसते."

"नको. मी." त्यानं डस्टर माझ्या हातातून घेतलं, पंधरा पुसलं, दोन रेघाही पुसल्या. मग खडू घेऊन, शंभर आणि अठ्ठ्याण्णवच्या पार खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर वाकून त्यानं सुंदर अक्षरात चार काढला.

"इतक्या खाली का रे?" मी विचारलं.

"वर जायला जागा पाहिजे," साहेब म्हणाला.

मॅडमनी ते वाक्य तीन महिन्यांपूर्वी एकदाच उच्चारलं होतं, तेही माझ्याशी बोलताना. घरात ते कुणी काढलं नव्हतं. कुठल्याही पायरीवर ते नव्हतं. मला रडू आलं, आणि रागही आला, कारण हा मार्क कुठल्याच यादीत धरला जाणार नव्हता.

सोमवारी गोळ्यांची डबी येणार आहे. त्यात औषध असेल नाहीतर भुकटी. शिकवणीची पोरं मात्र आजच विचारायला लागली, बाई, हे खाली चार कुणाचे? मी सांगितलं, माझ्या मुलाचे, पंधरापैकी. एक आगाऊ कार्टं हसलं. त्याला मी वर्गाबाहेर काढलं.